वडगाव ते उद्यमबाग: एका गिअरच्या सायकलीची निवड

माझा भाचा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत आहे. वय २७, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६८ किलो, घर वडगावात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो आला, सोप्यात बसायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "मामा, सायकल घ्यायलोय. एकाच गिअरची. बघतासा काय जरा?"

फोटोतली सायकल देखणी होती. काळी फ्रेम, पिवळ्या रिंगा, सरळ हँडल. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, टायर अंगठ्याएवढे बारीक. मी विचारलं, "पुढं दाते किती, मागं किती?" त्याला सांगता येईना. जाहिरात वरपासून खालपर्यंत चाळली तेव्हा अगदी शेवटी सापडलं: पुढं, पायडलजवळच्या दातेचाकाला ४६, मागच्या चाकावरच्याला १६.

"हे तुला जड जाणार," मी म्हटलं.

"चालवायच्या आधीच कसं सांगतासा?"

त्याचं बरोबर होतं. माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, मोजल्याशिवाय बोललेलं मलाही आवडत नाही. मग आम्ही दोघांनी मिळून दोन महिने लावले. रस्ता मोजला, एक सायकल उसनी आणली, एक घरातलीच बाहेर काढली, आणि मग पैसे मोजले. त्यानंतर उद्यमबागेतली आणखी चार-पाच पोरं हाच प्रश्न घेऊन आली, म्हणून सगळं प्रकरण इथं सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की एका गिअरची सायकल घेताना ब्रँड, रंग, हँडल हे सगळं नंतर. आधी दोन आकडे ठरवायचे, पुढचे दाते आणि मागचे दाते. आणि ते ठरवायचे आपल्या रोजच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट शंभर मीटरवरून.

रोजची वाट

वडगावातून उद्यमबागेला जायला त्याला दोन वाटा आहेत. एक शहापुरातून: नाथ पै चौक, गोवावेस, आरपीडी, मग खानापूर रोडनं रेल्वेच्या तिसऱ्या गेटचा पूल चढून पलीकडं उतरायचं. दुसरी अनगोळातून चौथ्या गेटनं. दुसरी सपाट, पण गेट पडलं की रांगेत उभं राहायचं, आणि गेट उघडलं की रिक्षा, दुचाक्या, टेम्पो यांच्या मधून जागच्या जागी वेग घ्यायचा. एका गिअरच्या सायकलीची परीक्षा जेवढी चढावर होते तेवढीच या जागेवरून उठण्यात होते. गिअरवाला थांबायच्या आधी दोन गिअर हलके करून घेतो. इथं ती सोय नाही, ज्या दात्यांवर थांबलो त्याच दात्यांवर उठायचं. पहिल्या वाटेनं सकाळच्या गर्दीत एकदा मी त्याच्या मागोमाग गेलो आणि मोजलं. घरापासून कंपनीच्या फाटकापर्यंत चौदा वेळा पाय टेकला.

पूल तसा फार उभा नाही. शहरातल्या उड्डाणपुलांचा चढ सहसा तीसला एक याच्या आसपास धरतात, म्हणजे तीस मीटर गेलं की एक मीटर वर. गाडीवाल्याला तो कळतही नाही. सायकलवाल्याला कळतो, आणि जून लागला की दुप्पट कळतो, कारण वारा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीला लागून. पावसाळाभर वारा पश्चिमेकडून येतो आणि उद्यमबाग वडगावापासून त्याच अंगाला आहे, म्हणजे सकाळी जाताना वारा तोंडावर. आपण १५ च्या वेगानं निघालोय आणि समोरून १५ चाच वारा आहे, तर अंगाला लागतो तो ३० चा वारा, आणि हवेची अडवणूक दुप्पट न होता चौपट होते. पुलाच्या माथ्यावर आडोसा म्हणून काहीच नसतं. आमचे 'सगळ्यात वाईट शंभर मीटर' तेच ठरले.

सुट्टीच्या दिवशी त्याला फिरायलाही जायचं होतं. येळ्ळूरवरून राजहंसगड, हे पहिलं. कधी राकसकोप जलाशयाकडं, कधी वेंगुर्ला रोडनं सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात जाऊन चहा पिऊन परत. बरोबर कोणी असेल तर हळू, एकटा असेल तर जरा जोरात. यातला फक्त राजहंसगड अवघड. बाकी रस्ते चढ-उताराचे आहेत, पण दम खाऊन निघतात.

आता, गिअर नकोच हा हट्ट कशाला, हेही मी त्याला विचारलं होतं. त्याच्याकडं आधी गिअरची सायकल होती. कंपनीच्या स्टँडवर सायकली आणि मोटरसायकली एकमेकींना चिकटून लावतात. दोन वर्षांत तिचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा लोंबता भाग, तीनदा वाकला. शिवाय उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. तिथली बारीक वाळू हवेत असते आणि तेलकट चेनवर जाऊन बसते. सात-आठ चकत्या, दोन छोट्या पुल्या, स्प्रिंग, या सगळ्यात ती वाळू शिरली की दर पंधरवड्याला धुणं आलं. एका गिअरला एक पुढचं दातेचाक, एक मागचं दातेचाक, मध्ये चेन. फडक्यानं पुसली, तेलाचे थेंब सोडले की झालं. हे कारण मला पटलं. फॅशन म्हणून मागितली असती तर मी गिअरचीच घे म्हटलं असतं.

साडेसत्याहत्तर इंची चाक

दात्यांचा हिशेब समजायला एक जुनी रीत फार उपयोगी आहे. १८७० ते ८० च्या दशकांत पुढं भलं मोठं आणि मागं चिमुकलं चाक असलेल्या सायकली होत्या. पायडल थेट मोठ्या चाकालाच. चाक जेवढं मोठं तेवढा एका फेऱ्यात पल्ला जास्त, आणि तेवढीच ती ओढायला जड. १८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, पायडलची ताकद चेननं मागच्या चाकाला जायला लागली, दोन्ही चाकं जवळजवळ सारखी झाली. पण मोजायची रीत राहिली ती मोठ्या चाकाचीच. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास इंचांत. जे उत्तर येईल तेवढ्या इंची चाकावर तुम्ही बसलाय असं समजायचं. याला गिअर-इंच म्हणतात.

जाहिरातीतल्या सायकलीचं चाक ७०० सी मापाचं, टायरसकट साधारण २७ इंच. ४६ भागिले १६ म्हणजे २.८७५, गुणिले २७, उत्तर ७७.६. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ६.१९ मीटर पुढं जाणार. सपाट रस्त्यावर ताशी २० च्या वेगाला मिनिटाला ५४ फेरे पडणार. पुलावर वेग १२ वर आला की फक्त ३२.

बहुतेकांचा पाय सुखानं फिरतो तो मिनिटाला ७०-८० च्या आसपास. सवय नसलेल्याला ६० सुद्धा बरे वाटतात. ३० वर आलो की प्रत्येक पायडल म्हणजे जिन्याची एक उंच पायरी, आणि ती चढायची गुडघ्याच्या वाटीवर भार देऊन. दिवसातून दोनदा, वर्षातून तीनशे दिवस.

कागदावर पटलं तरी पायाला पटायला पाहिजे. त्याच्या कंपनीतल्या एकाकडं नेमकी ४६-१६ ची सायकल होती. पंधरा दिवसांसाठी ती मागून घेतली. पहिले चार दिवस भाचा खूश. काँग्रेस रोडवर सकाळी ती सुटली की खरोखरच सुटायची. पाचव्या दिवशी उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं.

इथं मी घाई केली नाही. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखण्याचं आणखी एक नेहमीचं कारण असतं, सीट खाली असणं. आधी ते काढून टाकलं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. त्याची सीट जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली होती. वर केली. दुखणं निम्म्यावर आलं, गेलं मात्र नाही. मग आम्ही पुलावरचे फेरे मोजले. तो चढवत होता, मी स्कूटरवर मागं राहून अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा खाली जातो ते मोजत होतो. पंधरा. म्हणजे मिनिटाला ३०. कागदावर ३२ होते.

सायकल परत दिली.

बाबांची सायकल

आमच्या घरी परसात, शेणीच्या ढिगाच्या बाजूला, माझ्या वडिलांची २२ इंची ॲटलास उभी होती. ॲटलासची सुरुवात १९५१ साली सोनीपतला झाली, आणि साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, जागतिक सायकल दिनालाच, बंद झाला. बाबांची सायकल त्या दोन तारखांच्या मधली, सत्तरच्या दशकातली. शहापूर शिवारातलं भात या सायकलीच्या कॅरिअरवरून गिरणीला गेलेलं मी पाहिलंय. बासमतीचं पोतं आडवं टाकायचं, सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळायचं, आणि बाबा सीटवर न बसता काही अंतर ढकलत नेऊन मग टांग टाकायचे.

भाच्यानं ती बाहेर काढली, टायर-ट्यूब नवीन घातले, छर्रे धुऊन ग्रीस भरलं. डाव्या क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, कॉटर पिन झिजली होती, ती बदलली. मग खडूनं एका दात्यावर खूण केली आणि त्याला मोजायला सांगितलं. पुढं ४४. मागं १८.

२२ इंच हे फ्रेमचं माप, चाक २८ इंची. ४४ भागिले १८, गुणिले २८: ६८.४.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आज्जानी पोतं घालून हेच मारलंय की."

एक आठवडा त्यानं तीच सायकल कामाला नेली. सायकल वजनदार, कंपनीच्या काट्यावर २१ किलो ४०० ग्रॅम भरली. तरीही गुडघा दुखला नाही. पुलावर वेग कमी, १०-११, पण पाय फिरत राहायचा. जागेवरून उठताना झटका द्यावा लागायचा नाही. आमच्या गावरस्त्यांवर माल आणि माणूस दोन्ही वाहून नेणारी सायकल अशीच का बनवली, याचं उत्तर त्या दात्यांत होतं. साठ-सत्तर वर्षं लाखो माणसांनी ते आकडे पायाखाली तपासलेत.

मग तीच का ठेवली नाही? ब्रेकमुळं. रॉडचा ब्रेक रिंगेच्या आतल्या बाजूला घासतो, आणि रिंग पोलादी, क्रोमची. कोरडी असेल तर चालून जातं. ओली झाली की रबर नुसतं सरकतं. एप्रिलमध्ये पाऊस नव्हता, म्हणून आमच्या गल्लीतच आम्ही प्रयोग केला. मोबाईलवर वेग बघत १५ वर आणायचा, खडूच्या रेघेवर दोन्ही ब्रेक आवळायचे, थांबल्यावर टेपनं अंतर मोजायचं. कोरड्या रिंगांवर चार मीटर. रिंगांवर बादलीभर पाणी ओतून तेच केलं: अकरा मीटर. गल्लीत अकरा मीटर होते म्हणून ठीक. जुलैच्या धो-धो पावसात गोवावेसला समोर रिक्षा थांबल्यावर अकरा मीटर कुठून आणणार? या एका आकड्यापुढं माझी सगळी माया बाजूला ठेवली.

निर्णय तिथं झाला. दात्यांचं प्रमाण बाबांच्या सायकलीचं, वजन आणि ब्रेक नव्या सायकलीचे.

फ्रेममध्ये काय बघितलं

त्याची जुनी गिअरची सायकलच सोलून एका गिअरची करावी, असं एक मत आलं. पैसे वाचले असते. पण तिच्या फ्रेमला मागच्या चाकाचा आस बसायच्या खाचा उभ्या होत्या. चाक खालून वर जाऊन बसतं, पुढं-मागं सरकत नाही. एका गिअरच्या चेनला ताण द्यायचा तो चाक मागं ओढूनच. खाच उभी असेल तर ताण द्यायला वेगळी स्प्रिंगची पुली लावावी लागते, म्हणजे ज्या लोंबत्या भागाला कंटाळून हे सगळं चाललं होतं तोच परत आला. ते मत सोडून दिलं.

आडव्या खाचांतही दोन प्रकार. एक मागच्या बाजूला उघडणारी, ट्रॅकवरच्या सायकलींसारखी. दुसरी पुढच्या बाजूला उघडणारी. मडगार्ड लावायचं असेल तर दुसरी घ्यावी, कारण पहिल्या प्रकारात चाक काढताना ते मागं ओढावं लागतं आणि मडगार्डला अडतं. भर पावसात पंक्चर झालं की हा फरक काय असतो ते कळतं. आणि बेळगावात मडगार्ड लागतंच. ज्या फ्रेमला मडगार्डचे स्क्रू लावायला डोळेच नाहीत ती फ्रेम आमच्याकडं चार महिने घरात बसणार.

टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे बसले पाहिजेत, ही पुढची अट. उसन्या सायकलीचे २५ चे होते आणि ते फुटू नयेत म्हणून हवा कडक भरावी लागायची. खड्ड्यांतून जाताना मनगटाला मुंग्या यायच्या. ३२ ला साठ-पासष्ट पीएसआय पुरते. रिंगा ॲल्युमिनियमच्या, कारण ओल्यात त्या कितीतरी बऱ्या धरतात. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड, म्हणजे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप चालतो. बारीक, लांब व्हॉल्व्ह असला तर येळ्ळूरच्या पुढं हवा भरून कोण देणार? बाबांच्या सायकलीच्या वॉलट्यूबची सर मात्र कशालाच नाही. एक रुपयाची रबरी नळी, खिशात ठेवायची आणि वेळ आली की बदलायची.

फिक्स्ड, म्हणजे पायडल थांबलं की चाकही थांबतं, असा प्रकार त्यानं पाहिला होता. त्यावर फार बोलणं झालं नाही. गणपतीच्या दिवसांत खडेबाजारातून सायकल काढायची आहे, पायाला विसावा पाहिजे. फ्रीव्हीलच, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं मागचं दातेचाक.

शेवटी शहरातल्याच एका दुकानात पोलादी फ्रेमची, आडव्या खाचांची, मडगार्डचे डोळे असलेली सायकल मिळाली. दोन पाय टेकून उभं राहिल्यावर आडव्या नळीच्या वर चार बोटं जागा उरली, माप जमलं. साडेचौदा हजार. मडगार्ड, कॅरिअर, पुढं-मागं दिवे धरून सतरा. घरी आणून काट्यावर घातली तर सगळ्यासकट १३ किलो १०० ग्रॅम. दाते मात्र ४४-१६, म्हणजे ७४ इंच. दुकानात मागचं फ्रीव्हील १८ चं घालून द्या म्हटलं तर "सगळे असंच नेतात" असं उत्तर मिळालं. सगळ्यांना तिसऱ्या गेटचा पूल चढायचा नसतो.

फ्रीव्हील बदललं त्या दिवशी

आमचे शहापुरातले मिस्त्री घरी कन्नड बोलतात, दुकानात मराठी, आणि हातात काम असलं की दोन्ही एकदम. त्यांनी चाक काढलं, फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा पाना घेतला, पण तो हातानं फिरवायच्या भानगडीत पडले नाहीत. पायडल मारताना प्रत्येक दाबानं फ्रीव्हील आट्यांवर घट्टच होत जातं, ते हाताच्या ताकदीला ऐकत नाही. त्यांनी पाना व्हाइसमध्ये पकडला, चाक त्याच्यावर आडवं ठेवलं, रिंगेला दोन्ही हातांनी धरलं आणि बसच्या स्टेअरिंगसारखं डावीकडं ओढलं. 'टक' असा आवाज झाला आणि आटे सुटले. पुढं ते बोटांनीच निघालं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर ग्रीस लावून नवीन १८ चं बसवलं. कानाजवळ नेऊन फिरवून बघितलं, आतले कुत्रे, म्हणजे खटके, दोन्ही एकसारखे वाजतात का. चेनला एक जोडी कडी वाढवली.

मग चेनचा ताण. चाक मागं ओढत नट आवळले आणि चेनच्या मधोमध बोटानं दाबलं. भाच्यानं सांगितलं, आणखी घट्ट करा. मिस्त्रींनी मान हलवली. "साकु, पुरे. एवढं ढिलं पाहिजेच." वर-खाली मिळून साधारण एक सेंटिमीटर खेळ. याहून घट्ट केली तर छर्रे आणि चेन दोन्ही लवकर जातात, याहून ढिली ठेवली तर खड्ड्यात उडून उतरते.

४४ भागिले १८ गुणिले २७: ६६ इंच. एका फेऱ्याला ५.२७ मीटर. ताशी २० ला ६३ फेरे, पुलावर १२ ला ३८. ३८ म्हणजे आराम नव्हे, पण उसन्या सायकलीच्या ३२ पेक्षा सहा फेरे जास्त, आणि तेवढ्यानं गुडघ्यावरचा दाब पंधरा टक्क्यांनी उतरतो. पाण्याचा प्रयोग परत केला. कोरड्यात तीन मीटर, ओल्यात साडेचार.

नंतर काय झालं

दुसऱ्याच आठवड्यात पुलावर एक प्रकार घडला. भाचा उभा राहून पायडल मारत होता, मागचं चाक एकाएकी तिरकं झालं आणि टायर फ्रेमला घासून थांबलं. मागून येणाऱ्या टेम्पोनं वेळेत बाजू घेतली. घरी आणून बघितलं तर उजवीकडचा नट खाचेत पुढं सरकला होता. कारण साधं. नवीन फ्रेमवर नट रंगाच्या थरावर बसतो, चार दिवस ताण पडला की रंग दबतो आणि पकड जाते. गिअरच्या सायकलीत उभ्या खाचेमुळं हा धोका नसतो. मी त्या जागेचा रंग खरवडून काढला, नट आवळले, आठवड्यानं परत आवळले. त्यानंतर सरकला नाही. १५ चा पाना तेव्हापासून त्याच्या पिशवीत कायम असतो. नवीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर मागचे नट स्वतः तपासायचे.

दुसरी तक्रार बारीक होती. क्रँक फिरवताना चेन एका जागी घट्ट व्हायची आणि अर्ध्या फेऱ्यानं ढिली. चेन खराब आहे असं त्याला वाटलं. मी सायकल स्टँडला उभी केली, मॅग्नेटिक बेसवर डायल (बारीक हालचाल काट्यानं दाखवणारं मापयंत्र) लावली आणि पुढच्या दातेचाकाच्या, म्हणजे चेनव्हीलच्या, दात्यांमागच्या गोल भागावर टेकवून क्रँक हळूहळू फिरवला. काटा ०.८ मिलिमीटर हलला. चेनव्हील क्रँकवर मध्यभागी बसलेलंच नव्हतं. पाच बोल्ट अगदी थोडे ढिले केले, जिथं काटा सगळ्यात वर जात होता तिथं लाकडाच्या तुकड्यानं हलकी टिचकी दिली, परत मोजलं. चौथ्या वेळेला ०.२ वर आलं, बोल्ट आवळले. ज्यांच्याकडं डायल नाही त्यांनीही हे करावं. चेन जिथं सगळ्यात ताणलेली वाटते तिथं थांबायचं, बोल्ट किंचित ढिले करायचे, चेनवर पान्यानं हलकं ठोकायचं, आवळायचं, परत फिरवून बघायचं. तेवढंच काम होतं.

चेनची झीज मोजायला त्याला पोलादी फूटपट्टी दिलीय. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचा, बारा पूर्ण जोड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचावर पाहिजे. ती एक-षोडशांश इंच पुढं गेली की नवीन चेन आणून ठेवायची, एक-अष्टमांश गेली की बदलायचीच, नाहीतर दाते खायला लागते. पावसाळा संपल्यावर मोजली तेव्हा जेमतेम एक-षोडशांश होती. चाळीस आठवड्यांत खर्च झाला तो तेलाचा आणि दोन पंक्चरचा.

राहिला राजहंसगड. येळ्ळूरपर्यंत ६६ इंच छान चालतात, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, रस्ता सरळ. गडाचा चढ सुरू झाला की पाय अडतो. इथं आम्ही शंभर वर्षं जुनी युक्ती वापरली. टूर द फ्रान्स शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरला परवानगी नव्हती. मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची दातेचाकं असायची आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं करून बसवायचे. भाच्याच्या सायकलीचा हबही दोन्ही बाजूंना आटे असलेला निघाला. मोकळ्या बाजूला २० चं फ्रीव्हील बसवलं. ४४-२० म्हणजे ५९ इंच, दहा टक्के हलकं. येळ्ळूर सोडलं की तो सायकल उलटी करतो, १५ चा पाना लावतो, चाक फिरवून बसवतो. दोन दाते वाढले की चेनला तेवढंच वळण जास्त लागतं, म्हणून चाक सव्वासहा मिलिमीटर पुढं सरकतं. ब्रेकचं रबर त्यामुळं रिंगेवर थोडं आतल्या काठाकडं येतं, पण रिंगेवरच राहतं. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली होती, आता पाच.

दोन महिन्यांपूर्वी मीही त्याच्याबरोबर गेलो, बाबांच्या ॲटलासवर. पायथ्याशी त्यानं चाक फिरवलं, मी पाणी प्यालो. शेवटच्या उभ्या वळणाला दोघंही उतरलो आणि सायकली ढकलत वर गेलो, पुतळ्याजवळ बसलो. तिथं त्यानं विचारलं, "मामा, २२ चं घातलं तर चढंल काय?" मी खाली वाकून खाचेत बोट घातलं. चाक आणखी सव्वासहा मिलिमीटर सरकायला जागा आहे. पण मग ब्रेकचं रबर रिंगेच्या आतल्या काठाखाली उतरतं, अर्धं रबर हवेत राहतं. उतरताना त्याच ब्रेकवर यायचंय.

"मग राहू दे," तो म्हणाला. "वळण चालत येतो की."